बोलती नोटीस

आक्काताई मगदूम दावा हरल्या आहेत, ही बातमी त्यांना मातीनं भरलेल्या डंपरनं दिली.

त्या पेवांच्या माळावर शेणकाला कालवत बसल्या होत्या. डंपर आला, मागं मागं सरकत पहिल्या पेवाच्या तोंडाशी टेकला. ड्रायव्हर खाली उतरला.

"मावशी, जरा बाजूला व्हा. ही पेवं बुजवायची हायती."

"कुणी सांगितलं?"

"कोर्टानं. हे बघा, हुकूम." त्यानं मोबाईल पुढं धरला. "वाचता येतं न्हवं?"

"मला येत न्हाई. तुला येत असलं तर वाच की."

ड्रायव्हरला कोर्टाची भाषा दोन ओळींच्या पुढं झेपली नाही. त्यानं बटण दाबलं आणि मोबाईलच वाचू लागला. प्रतिवादी नोटीस मिळूनही गैरहजर राहिल्यामुळे दाव्याचा निकाल एकतर्फी देण्यात येत आहे. पेवांची जागा वादी महावीर मगदूम यांच्या मालकीची आहे असं जाहीर करण्यात येत आहे.

"कोण गैरहजर?" आक्काताईंनी विचारलं.

"तुम्हीच की."

"मी तर हितंच हाय. जल्मभर हितंच हाय."

त्या उठल्या, पेवाच्या झाकणाच्या दगडावर जाऊन बसल्या आणि हातातला शेणकाला दगडाच्या कडेला लिंपू लागल्या. ड्रायव्हर थोडा वेळ बघत उभा राहिला. मग "म्हातारं माणूस, माती टाकू तरी कुठं?" असं स्वतःशीच म्हणत गाडी घेऊन निघून गेला.

आंबीघाट हे कृष्णेच्या उंच काठावरचं गाव. तिथली माती घट्ट आणि कोरडी. त्या मातीत माणूस उभा मावेल त्याहून खोल खड्डे खणलेले असतात. तोंड अरुंद, पोट मोठं, घागरीसारखं. तेच पेव. आत कडबा आणि पाला लावून हळद भरायची, वर दगड ठेवून लिंपून टाकायचं. आत वारा नाही, ओल नाही, म्हणून कीड नाही. मोठमोठी शीतगृहं झाली तरी बियाण्याची हळद लोक अजून आक्काताईंच्या पेवात ठेवत. त्या आणि त्यांचे मालक भूपाल यांनी आयुष्य त्या माळावर काढलं होतं. भूपाल जाऊन तीन वर्षं झाली होती. पेवं बुजली असती तर आक्काताईंना त्या गावात करण्यासारखं दुसरं काही उरलं नसतं.

महावीर हा भूपालच्या थोरल्या भावाचा मुलगा. पुण्यात असे. दोन्ही भावांनी वाटणी तोंडी केली होती, आणि दोघंही आता नव्हते. महावीरचं म्हणणं असं, की माळ त्याच्या वडिलांच्या वाट्याला आला होता; काकांनी तो नुसता वापरला. हे म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. खरंखोटं बघायला कोर्ट होतं. पण दुसरी बाजू आलीच नाही म्हटल्यावर बघायचं काय?

मिरजेहून मुलगी पद्मजा धावत आली. ती शाळेत शिक्षिका होती. तिनं ॲडव्होकेट रेहाना मुजावर यांना गाठलं, आणि रेहानाबाईंनी पहिल्याच दिवशी तात्पुरती मनाई मिळवली. एकतर्फी निकाल रद्द करण्याच्या अर्जावर निर्णय होईपर्यंत पेवात मातीचं ढेकूळही पडणार नव्हतं.

"आता नीट ऐका," रेहानाबाई म्हणाल्या. "असा निकाल रद्द करायला दोन दारं आहेत. नोटीस रीतसर पोचलीच नाही, हे एक. पोचली, पण येता येणार नाही असं सबळ कारण होतं, हे दुसरं. आक्काताई, तुमचं कुठलं?"

"मला काय ठाऊकच न्हवतं," आक्काताई म्हणाल्या.

"आजारी होतात का त्या दिवसांत?"

"न्हाई."

"कानातल्या ऐकायच्या यंत्राची बॅटरी गेली होती?"

"गेली न्हवती. जाणार कशी? पद्मी मिरजेतनं फोन करून रोज इचारती, यंत्र चार्जिंगला लावलंस का म्हणून."

रेहानाबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, मी तुमची वकील आहे. मलाच उलटतपासणी करायला लावू नका."

आक्काताईंच्या कानातल्या यंत्रातच सगळी अडचण होती.

पूर्वी नोटीस घेऊन कोर्टाचा बेलीफ यायचा. घर बंद असलं की दाराला चिकटवून जायचा. मग मूळ भांडण बाजूला राहायचं आणि नोटीस मिळाली की नाही यावरच वर्षं निघून जायची. कुणाला खरंच मिळालेली नसे. कुणी मिळूनही कानांवर हात ठेवी. कपाळ बघून न्यायाधीशाला त्यातलं काही कळत नसे.

मग एक शोध लागला. माणसाच्या कानावर ओळखीचं काही पडलं की निमिषभरात मेंदूत विजेची एक बारीक लहर उठते. ती आपण ठरवून उठवू शकत नाही आणि दाबूही शकत नाही. ऐकू यायला मदत करणारी नवी यंत्रं कानाच्या आतल्या कातडीवरून ही लहर टिपू लागली. आधी तिचा उपयोग एवढाच होता, की घोळक्यात कुणाच्या बोलण्याकडं म्हाताऱ्या माणसाचं लक्ष आहे ते यंत्राला कळावं आणि तोच आवाज त्यानं मोठा करावा. त्यासाठी यंत्र घरच्यांचे आवाज पाठ करून ठेवी.

पुढं कोर्टानं ही सोय नोटिशीसाठी वापरायला घेतली. नोटीस कागदावर न येता कानात येऊ लागली, घरच्या साध्या बोलीत, तीन वेळा. ऐकणाऱ्याच्या मेंदूत लहर उठली की तिची नोंद कोर्टात जाई आणि नोटीस पोचली असं धरलं जाई. मला कळलंच नाही, हे म्हणायची सोय संपली. बरेच लोक खूश झाले. दावा लावणाऱ्यांना तर फारच सोपं झालं. ज्याच्यावर दावा लावायचा, त्याचं तोंड बघावं लागत नव्हतं.

आक्काताईंची नोंद रेहानाबाईंनी मागवली. ती त्यांनी दोनदा तपासली. तिन्ही वेळा लहर उठली होती आणि ती लहानसहान नव्हती.

"स्वतःचं नाव ऐकल्यावरही माणसाची इतकी मोठी लहर उठत नाही," त्यांनी पद्मजाला बाजूला घेऊन सांगितलं. "तुमच्या आईनं ऐकलंय. महावीरचे वकील हेच दाखवणार. नोटीस द्यायच्या पद्धतीत बारीकसारीक चूक असली तरी तारीख कळली होती असं दिसलं, तर कायदा निकाल रद्द करू देत नाही."

घरी आल्यावर पद्मजानं विषय काढला. आक्काताई ताक घुसळत होत्या.

"आई, तू ऐकलंयस."

"काय?"

"नोटीस. यंत्रात नोंद आहे. कुणाला फसवायला बघतीयस? मला?"

"मी कुणाला फसवीत न्हाई."

"मग कोर्टात शपथेवर काय सांगणार? 'मला ठाऊकच नव्हतं'? सगळे हसतील. मी मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवते, आणि माझी आई…"

आक्काताईंच्या हातातली रवी थांबली. "तुज्या आईला खोटं बोलायला येत असतं तर तुजं लगीन चांगल्या घरात झालं असतं. तुज्या सासूला मी सगळं खरं सांगून बसले, पोरगी आळशी हाय म्हणून."

एरवी पद्मजा हसली असती. त्या दिवशी ती हसली नाही. तिनं मोबाईल काढला. रेहानाबाईंनी नोंदीबरोबर नोटिशीचं मूळ ध्वनिमुद्रणही पाठवलं होतं. तिनं ते लावलं.

"आक्के, ऐकतीस का? महावीरनं दावा लावलाय. कोर्टात ये…"

आवाज भूपालचा होता. तसाच बसका, शब्दाच्या शेवटी जरासा ओढलेला. पद्मजाच्या हातातून मोबाईल पडला तरी जमिनीवरून तो बोलतच राहिला. तारीख सांगितली, वेळ सांगितली, कोर्टाचं नाव सांगितलं आणि मग थांबला.

आक्काताई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. दोन्ही तळवे जमिनीवर घट्ट टेकलेले.

"हा बाबांचा आवाज यात कसा?" पद्मजानं विचारलं. पण विचारता विचारताच तिला कळलं. यंत्र नवीन आणलं तेव्हा तिनंच बाबांना समोर बसवून त्यांचा आवाज त्यात भरला होता. ते गेल्यावर काढून टाकायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. नोटीस पाठवणारी यंत्रणा कानातल्या यंत्राला विचारायची, की या बाईला सगळ्यांत जवळचा आवाज कुठला? त्या आवाजात सांगितलं की लहर हमखास उठायची. माणूस जिवंत आहे की नाही, हे विचारायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"आई, तू मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू तो आवाज काढून टाकला असतास," आक्काताई म्हणाल्या. मग पुढं म्हणाल्या, "मला वाटलं, हे फक्त मलाच ऐकू येतंय."

"आणि ते जे बोलले ते?"

"मी ऐकलं न्हाई. 'ये' म्हणाले, तिथंच मी बसले."

पद्मजाही पेवकऱ्याची मुलगी होती. तिला आणखी काही विचारावं लागलं नाही. ती आईजवळ जमिनीवर बसली आणि आईचे हात फरशीवरून उचलून तिनं आपल्या मांडीवर घेतले.

न्यायाधीश ठोंबरेबाई कमी बोलणाऱ्या होत्या. महावीर पहिल्या बाकावर बसला होता. आक्काताई आत आल्या तेव्हा तो अर्धवट उठला, मग वकिलाकडं बघून परत बसला.

कानाच्या यंत्राचे जाणकार म्हणून ऐवळे नावाचे गृहस्थ आले होते. त्यांनी लहरीचा आलेख पडद्यावर दाखवला. रेहानाबाईंनी त्यांना विचारलं, "ही लहर काय सांगते?"

"ऐकणाऱ्यानं काहीतरी ओळखलं, एवढं सांगते."

"काय ओळखलं ते?"

"ते सांगत नाही. वेळ मात्र सांगते. ही लहर पहिल्याच शब्दांवर उठलीय. पुढं तारीख आली, कोर्टाचं नाव आलं, तिथं काहीच नाही. तिन्ही वेळा तसंच. यंत्रणा फक्त सगळ्यांत उंच टोक बघते आणि पोचली म्हणून नोंद करते."

महावीरचे वकील उठले. "म्हणजे पहिले शब्द तरी कळले ना? महावीरनं दावा लावलाय, कोर्टात ये. एवढं कळल्यावर शहाणं माणूस चौकशी करील. या बाईंनी तीन वेळा ऐकून कुणाला साधं विचारलंही नाही. याला दुर्लक्ष म्हणतात."

ठोंबरेबाईंनी आक्काताईंना पुढं बोलावलं. "तुम्ही का विचारलं नाही?"

आक्काताईंनी पदर खांद्यावर घेतला. "सांगते. पण आधी पेवाचं सांगावं लागंल."

"सांगा."

"पेव बंद असतं तवा आत वाईट वारं साचतं. उघडल्यावर आधी दोराला कंदील बांधून सोडायचा. जळत राहिला तर माणूस उतरतो. तरी कदी कदी कोपऱ्यात वारं राहतं. आमचे मालक खाली आणि मी तोंडावर, दोर धरून. खालनं 'ओढ' म्हणाले की वडायचं. खालचा माणूस 'ये' कदी म्हणत न्हाई. शुद्धीवर असलेला म्हणतच न्हाई. 'ये' म्हणाला म्हणजे वारं त्याच्या डोक्यात गेलं. आता तो बोलत न्हाई, वारं बोलतंय. तवा तोंडावरच्यानं काय करायचं, तर खाली बसायचं. हात भुईला लावायचे. आपलं माणूस हाक मारतंय, जीव वर-खाली होतो, पण उतरायचं न्हाई. बसून दुसऱ्यांना वरडायचं. न्हाईतर एकाच्या मागं दुसरा जातो, दुसऱ्याच्या मागं तिसरा. आमच्या गावात एका पेवात एका घरचे सगळे बाप्ये गेल्यात."

ठोंबरेबाईंनी ते लिहून घेतलं.

"मालक तर जाऊन तीन वर्सं झाली. ते हाक कशी मारतील? त्यांचा आवाज 'आक्के, ये' म्हणाला. तवा मी बसले. कान बंद हुईतो बसले. महावीरचं नाव, दावा, ते मला आत्ता कळतंय. तवा 'ये'च्या पुढंमागं काय बी ऐकू आलं न्हाई. आणि कुणाला इचारणार? पोरीला सांगू, तुजा बाप मला बोलावतोय म्हणून?"

"भुताखेतांच्या गोष्टी कोर्टात सबळ कारण होऊ शकत नाहीत," महावीरचे वकील म्हणाले.

"भुतं मी बी मानत न्हाई," आक्काताई वळून म्हणाल्या. "ही कामाची रीत हाय. तुमी काळा कोट घालता तशी."

"असा काही नियम आहे याला पुरावा काय? आजच रचून आणला असेल."

ठोंबरेबाईंनी दाव्याचा कागद उलटून बघितला. मग त्या महावीरकडं बघून म्हणाल्या, "वादी याच गावचे ना? तुम्ही सांगा. असा नियम आहे?"

वकिलांनी महावीरच्या दंडावर हात ठेवला. नाही म्हणायचीही गरज नव्हती. मला माहीत नाही, एवढं पुरलं असतं. माळाचा सौदा ठरत आला होता. तो पुण्यात राहणारा माणूस, लहानपणीच गाव सोडलेला. त्याला ठाऊक नसेल यावर कुणीही विश्वास ठेवला असता.

महावीर उभा राहिला. तो आक्काताईंकडं बघत नव्हता.

"आहे," तो म्हणाला.

"नीट सांगा."

"मी सुट्टीला यायचो तेव्हा काका खाली असताना मी तोंडाशी बसायचो. एकदा त्यांनी मुद्दाम खालून 'महावीर, ये रे' अशी हाक मारली. मी शिडीवर पाय टाकला. ते वर आले आणि माझ्या थोबाडीत मारली. म्हणाले, मी बोलावलं तरी यायचं नाही. मी मरत असलो तरी यायचं नाही." "मग काकूनं मला गूळ दिला. काकू खरं सांगते आहे. नोटीस काकांच्या आवाजात गेली, हे मला माहीत नव्हतं. मी नुसतं बटण दाबलं होतं."

वकिलांनी फाईल बंद केली.

ठोंबरेबाईंनी निर्णय तिथंच सांगितला. त्या म्हणाल्या, "आवाज ओळखला म्हणजे मजकूर समजला असं होत नाही. यंत्रानं ओळख मोजली आणि आम्ही तिला समज म्हटलं. चूक आमची आहे. आणि समजा या बाईंना थोडंफार कळलं असतं, तरी ज्या हाकेला जायचं नाही असं त्या आयुष्यभर शिकल्या, त्याच हाकेनं आम्ही त्यांना बोलावलं. कोर्टानं दार उघडं आहे म्हणायचं आणि दारात अशी गोष्ट ठेवायची की माणूस आत येऊ धजणार नाही, याला बोलावणं म्हणत नाहीत. जो मुद्दाम येत नाही, त्याच्याविरुद्धचा निकाल कायम राहिला पाहिजे. नाहीतर आलेल्या माणसावर अन्याय होतो. पण ज्याला येताच आलं नाही, त्याचं ऐकल्याशिवाय दिलेला निकाल हा अर्धाच निकाल असतो. एकतर्फी निकाल रद्द. दावा पहिल्यापासून चालेल. माळ कुणाचा, यावर मी आज काहीच बोललेले नाही, हे दोघांनीही लक्षात ठेवा."

मग त्यांनी आक्काताईंना विचारलं, "तुमच्या यंत्रातून तो आवाज काढून टाकायचा हुकूम देऊ का?"

आक्काताईंनी पद्मजाकडं बघितलं. "राहू दे. पण त्यांच्या तोंडात दुसऱ्याचं बोलणं घालू नका म्हणावं."

"तसं लिहिते. आता नवी नोटीस. कशी पाठवू? कागदावर?"

"मला वाचता येत न्हाई."

"मग?"

"ह्यानं सांगावं." आक्काताईंनी महावीरकडं बोट केलं. "हितं, समोर. दावा त्याचा हाय न्हवं?"

महावीरचे वकील काही म्हणणार होते. ठोंबरेबाईंनी हात वर केला. महावीर बाकातून बाहेर आला आणि काकूसमोर उभा राहिला. त्यानं एकदा वकिलाकडं वळून बघितलं.

"सांग की," आक्काताई म्हणाल्या. "मी काय खात न्हाई तुला."

"काकू," तो म्हणाला, "माळ माझ्या वडिलांच्या वाट्याचा होता, असं मला वाटतं. वडील जाताना तसं बोलले होते. म्हणून… म्हणून मी तुमच्यावर दावा लावलाय." त्यानं डोळे पुसले. "येत्या सोमवारी अकरा वाजता इथं या."

"थोरले भावजी असं बोलले होते?"

"हो."

"मला कुणी सांगितलं न्हाई ते."

"मी सांगायला हवं होतं. यायला लाज वाटली."

आक्काताईंनी त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. "मला बी माजं सांगायचं हाय. माळ आमचाच हाय, आणि मी काय सोडणार न्हाई. तुजी साक्षीदार माणसं घिऊन ये, मी माजी आणते." मग त्या म्हणाल्या, "येते. सोमवारी अकराला येते."

कारकुनानं मान वर केली. नोटिशीच्या नोंदीत लहरीचा आकडा भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. "मॅडम, इथं काय लिहू?"

"प्रतिवादी 'येते' म्हणाल्या, असं लिहा," ठोंबरेबाई म्हणाल्या.